वीस विकेट्सचं गणित

टेस्ट मॅचच्या दिवशी सकाळी आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये दोन पक्ष तयार असतात. कॅमेरा पिचवर गेला आणि जरा हिरवळ दिसली की एक पक्ष ओरडतो, "चार पेसर घ्या!" पिच टक्कल पडल्यासारखं दिसलं की दुसरा पक्ष म्हणतो, "तीन स्पिनर!" मग टॉस होतो, टीम जाहीर होते आणि दिवसभर कॅप्टनच्या नावाने शिमगा. यात फक्त विद्यार्थीच असतात असं समजू नका. रेक्टर सरांपासून मेसच्या मामांपर्यंत प्रत्येकाच्या खिशात स्वतःची टीम असते!

मी आपल्या कॉलेज टीमचा स्कोअरर. माझ्या हातात बॅट कमी आणि पेन्सिल जास्त. स्कोअररचं एक बरं असतं, त्याला कुणी आऊट करू शकत नाही. आणि कुठली ओव्हर कुणी टाकली हे त्याला लिहावंच लागतं. त्या सवयीने मी टेस्टची स्कोअरकार्डं वाचत गेलो आणि माझं मत असं झालं की "स्पिनर की पेसर?" हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: समोरच्या वीस विकेट्स कोण काढणार, केव्हा काढणार आणि किती जुन्या बॉलने काढणार? टेस्ट जिंकायची तर (समोरच्याने डाव घोषित केला नाही तर) वीस विकेट्स लागतातच. तिथून मागे मागे हिशोब करत आलं की टीम आपोआप दिसायला लागते.

आधी बेरीज-वजाबाकी

टेस्टमध्ये दिवसाला ९० ओव्हर्स टाकायच्या असतात. वेगवान गोलंदाज पाच-सहा ओव्हर्सचा स्पेल टाकतो, विश्रांती घेतो, परत येतो. दिवसभरात १८ ओव्हर्स म्हणजे त्याच्याकडून भरपूर काम झालं, त्यापुढे वेगही उतरतो आणि टप्पाही. आता तीन पेसर धरा. ३ गुणिले १८ म्हणजे ५४. उरल्या ३६. या छत्तीस ओव्हर्स कोण टाकणार? पिच कितीही हिरवं असो, हा प्रश्न हिरवळीला विचारून सुटत नाही.

चार पेसर घेतले तर ७२ ओव्हर्स झाल्या, उरल्या फक्त १८. कागदावर छान वाटतं. पण समोरचा संघ दीड दिवस खेळला तर? दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चार जण, तेच खांदे, तेच गुडघे. आणि दोनच दिवसांनी दुसरा डाव. स्पिनर मात्र एका टोकाने दिवसाला तीस ओव्हर्ससुद्धा टाकू शकतो. म्हणजे स्पिनरचं एक काम विकेट काढायचं आणि दुसरं काम टोक धरून ठेवायचं, म्हणजे पेसरला दम घेता येतो. हे दुसरं काम स्कोअरकार्डात त्याच्या नावावर कुठेच दिसत नाही. पेसरच्या नावावर मात्र विकेट दिसते.

त्यात वेळेचंही भान हवं. स्पिनरची ओव्हर भराभर उरकते, पेसरची लांबते. डिसेंबर २०२० च्या मेलबर्न टेस्टमध्ये ओव्हर्स वेळेत न टाकल्याबद्दल ऑस्ट्रेलियाचे जागतिक कसोटी अजिंक्यपदाचे ४ गुण कापले गेले, आणि पुढे थोडक्या फरकाने त्यांची २०२१ ची फायनल हुकली. नेथन लायनसारखा स्पिनर संघात असूनही ही गत! सबमिशनची तारीख त्यांनाही चुकवता येत नाही, बरं का.

माती आणि हवा

आता आपला प्रांत. सिव्हिलवाल्यांनी सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये काळ्या मातीशी झटापट केलेली आहेच. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, ओलावा धरून ठेवते. पिचवरही तिचा स्वभाव बदलत नाही. काळ्या मातीच्या पिचवर उसळी साधारणपणे कमी असते, बॉल जरा थांबून, खाली राहून येतो. लाल मातीच्या पिचवर उसळी जास्त, त्यामुळे सुरुवातीला पेसरही खूश असतो. पण ती माती सुटायला लागली की स्पिनरला वळण आणि उसळी दोन्ही मिळतं. वानखेडेचं पिच लाल मातीचं. म्हणून तिथे स्पिनरचा बॉल नुसता वळत नाही, बॅटच्या वरच्या भागावर किंवा ग्लोव्हजवर येतो.

मेकॅनिकलवाल्यांसाठी हवा. नवा बॉल स्विंग होतो तो तिरक्या धरलेल्या शिवणीमुळे. शिवणीच्या बाजूची हवा खळबळते आणि बॉलला चिकटून जास्त पुढे जाते, दुसऱ्या बाजूची लवकर सुटते, आणि बॉल शिवणीच्या दिशेला ढकलला जातो. स्पिनरचा बॉल हवेत वाहतो आणि अचानक खाली पडतो तो मॅग्नस परिणामामुळे. पिचवर टप्पा पडल्यावर वळतो तो घर्षणामुळे. म्हणजे पेसरचं मुख्य हत्यार बॉलची शिवण आणि चकाकी, स्पिनरचं मुख्य हत्यार पिचचा खडबडीतपणा. पहिलं हत्यार वेळेबरोबर बोथट होतं, दुसऱ्याला वेळेबरोबर धार येते. ८० ओव्हर्सनंतर नवा बॉल मिळतो तेव्हा पहिल्याला परत धार लावली जाते, एवढंच.

बॉलही सगळीकडे सारखा नसतो. इंग्लंडमध्ये ड्यूक्स, तिची शिवण बराच वेळ उभी राहते. ऑस्ट्रेलियात कुकाबुरा, तिची शिवण लवकर बसते. आपल्याकडे एसजी, तिची शिवण ठसठशीत, स्पिनरच्या बोटांनाही पकड देणारी. तेव्हा "इंग्लंड म्हणजे पेस" यात फक्त ढगांचा नाही, बॉलचाही वाटा आहे.

एकच वर्ष, दोन सामने

जानेवारी २०१८, जोहान्सबर्ग. भारताने स्पिनर घेतलाच नाही. भुवनेश्वर, बुमराह, ईशांत, शमी आणि पाचवा हार्दिक पंड्या. दक्षिण आफ्रिका १९४ आणि १७७ मध्ये आटोपली, भारत ६३ धावांनी जिंकला. निवड शंभर टक्के बरोबर.

डिसेंबर २०१८, पर्थचं नवं स्टेडियम. पुन्हा हिरवळ. अश्विन जखमी होता, जडेजाला घेतलं नाही, चार पेसर खेळवले. यजमानांनी मात्र लायनला खेळवलं. लायनने पहिल्या डावात ५ आणि दुसऱ्या डावात ३ अशा ८ विकेट्स काढल्या, सामनावीर झाला आणि भारत १४६ धावांनी हरला. त्यातली गंमत बघा. भारताकडून पहिल्या डावात हनुमा विहारीने दोन विकेट्स काढल्या. विहारी मूळचा फलंदाज, ऑफस्पिन जाता जाता टाकणारा. म्हणजे पिच ओरडून सांगत होतं की मला स्पिनर द्या!

दोन्ही पिचवर गवत होतं. मग फरक कुठे? डावाच्या लांबीत. जोहान्सबर्गला डाव छोटे झाले, पाच जणांत काम भागलं. पर्थला ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १०८ ओव्हर्सच्या पुढे गेला आणि दुसरा ९० च्या पुढे. शमीने दुसऱ्या डावात ५६ धावांत ६ बळी घेतले, म्हणजे पेसर कमी पडले असं नाही. पण त्यांच्या चहापाण्याच्या वेळात दुसरं टोक धरणारा पक्का माणूस नव्हता. शिवाय लायनला मिळालेल्या उसळीचा फायदा घेणारं आपल्याकडे कुणी नव्हतं. उसळी ही काही फक्त पेसरच्या बापाची इस्टेट नाही.

पहिला दिवस आणि पाचवा दिवस

आता दोन फायनल. जून २०२१, साउदम्प्टन. भारताने आदल्या दिवशीच अकरा जण जाहीर केले, अश्विन आणि जडेजा दोघेही. पहिला दिवस पावसात वाहून गेला. हवा ओली, सामन्याचा वेळ कमी झालेला, तरी टीम तीच राहिली. न्यूझीलंडने एकही खास स्पिनर घेतला नव्हता. त्यांच्या पेसर्सनी वीसच्या वीस विकेट्स काढल्या आणि ते ८ विकेट्सनी जिंकले. अश्विनला त्या सामन्यात ४ विकेट्स मिळाल्या, म्हणजे पहिला स्पिनर वाया गेला नाही. जडेजाला मात्र पूर्ण सामन्यात जेमतेम पंधरा ओव्हर्स मिळाल्या. ओल्या हवेत दुसऱ्या स्पिनरला काम उरलं नव्हतं.

जून २०२३, ओव्हल. सकाळी ढग, पिचवर गवत. या वेळी भारत दुसऱ्या टोकाला गेला. चार पेसर, एकटा जडेजा, आणि अश्विन बाहेर. अश्विन त्या वेळी आयसीसीच्या यादीत जगातला पहिल्या क्रमांकाचा टेस्ट गोलंदाज होता, ४७४ विकेट्स नावावर. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सात फलंदाजांत चार डावखुरे होते, आणि डावखुऱ्यांना बाद करणं हा अश्विनच्या डाव्या नव्हे, उजव्या हाताचा मळ! दिवस संपला तेव्हा धावफलक होता ३ बाद ३२७. डावखुऱ्या ट्रॅव्हिस हेडने १६३ केल्या. शेवटच्या डावात लायनने ४१ धावांत ४ बळी घेतले आणि भारत २०९ धावांनी हरला.

अश्विन असता तर जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही, स्कोअररला जर-तरची नोंद करता येत नाही. पण निवडीच्या वेळी काय माहीत होतं ते तर बघता येतं. ढग दुपारी पांगतात. गवत दोन दिवसांत वाळतं. डावखुरे मात्र पाच दिवस डावखुरेच राहतात! टीम पहिल्या सकाळसाठी निवडली गेली, सामना पाच दिवसांचा होता.

एकटा नको, जोडी हवी

नोव्हेंबर २०१२. अहमदाबादला इंग्लंड एकट्या स्वानच्या भरवशावर खेळलं, बाकी पेसर. ९ विकेट्सनी हरलं. पुढची टेस्ट आपल्या वानखेडेवर. इंग्लंडने माँटी पनेसरला आत घेतलं. पनेसर ११, स्वान ८. वीसपैकी एकोणीस विकेट्स या दोघांच्या आणि इंग्लंड १० विकेट्सनी जिंकलं. भारताकडे त्या सामन्यात अश्विन, हरभजन आणि ओझा असे तीन स्पिनर होते, तरी हरलो! नंतर इंग्लंडने मालिकाही २-१ ने जिंकली.

यातून शिकायचं काय? पनेसर डावखुरा स्पिनर, स्वान ऑफस्पिनर. एकाचा बॉल बाहेर जातो तर दुसऱ्याचा आत येतो, आणि दोन्ही टोकांनी दाब असल्यामुळे फलंदाजाला पळायला जागा नाही. गोलंदाज जोडीने मारतात. ही जोडी पेसर-स्पिनरचीही असते. मिचेल स्टार्क डावखुरा पेसर. तो ओव्हर द विकेट टाकतो तेव्हा त्याच्या बुटांनी उजव्या फलंदाजाच्या ऑफस्टंपबाहेरची जमीन उकरली जाते. तीच खडबडीत जागा मग लायनला आंदण मिळते. म्हणजे स्टार्क स्वतः विकेट्स काढतोच, वर लायनसाठी पिचही तयार करून देतो. त्याची जागा मोजताना हे दुसरं खातंही मोजायला हवं.

औषध जास्त झालं की

घरच्या मैदानावर आपण म्हणतो, वळणारं पिच करा, स्पिनर भरा, झालं काम. पुण्याजवळच्या गहुंज्याचं मैदान याचं उत्तर देऊन बसलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे पिच पहिल्या दिवसापासून वळलं. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ'कीफने १२ विकेट्स काढल्या, भारत १०५ आणि १०७ मध्ये संपला, ३३३ धावांनी हार. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच मैदानावर भारताने एक फलंदाज कमी करून तिसरा पेसर उमेश यादव घेतला. त्याने ६ विकेट्स काढल्या आणि दक्षिण आफ्रिकेला एक डाव आणि १३७ धावांनी हरवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा वळणारं पिच, न्यूझीलंडच्या सँटनरच्या १३ विकेट्स आणि ११३ धावांनी हार. मैदान एकच, उत्तरं तीन! "पुणे म्हणजे अमुक" असं पाठ करून पेपरला गेलात तर केटी नक्की.

आणि नोव्हेंबर २०२५, कोलकाता. भारताने चार स्पिनर खेळवले. दक्षिण आफ्रिकेला १५९ आणि १५३ मध्ये गुंडाळलंही. पण १२४ चा पाठलाग करताना भारत ९३ वर संपला. सायमन हार्मरने सामन्यात ८ बळी घेतले. त्याच सामन्यात भारताकडून पहिल्या डावात पाच बळी कुणी घेतले माहितेय? बुमराहने, म्हणजे पेसरने!

चार स्पिनर यापूर्वीही खेळले आहेत. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघे एकाच टेस्टमध्ये खेळले, आणि असं एकदाच घडलं. त्या सामन्यात नवा बॉल टाकायला यष्टिरक्षक बुधी कुंदरनला आणावं लागलं! इंग्लंड दोन्ही डावांत सर्वबाद झालं, तरी भारत १३२ धावांनी हरला, कारण आपला पहिला डाव ९२ वर संपला होता.

माझं निरीक्षण असं: पिच जितकं टोकाचं, तितका चांगल्या आणि साधारण गोलंदाजातला फरक कमी होतो. तुमचा स्पिनर समोरच्यापेक्षा सरस असेल, तर त्याला थोडं अवघड पिच द्या, म्हणजे त्याची हुशारी दिसेल. सगळ्यांनाच पेपर फुटला तर टॉपर कोण हे कसं कळणार?

आठव्या नंबरचा मोह

निवडीत एक छुपा विषय असतो, बॅटिंग. "हा जरा रन्स पण करतो" या एका वाक्यावर कितीतरी खऱ्या गोलंदाजांचा बळी गेलाय. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच टेस्ट झाल्या, मालिका २-२ सुटली, आणि कुलदीप यादव एकही सामना खेळला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर असे दोन फिरकी अष्टपैलू खेळले. ऑस्ट्रेलियाच्या एकूण १४ विकेट्स पडल्या, त्यात स्पिनला एकही नाही. बुमराह जखमी होऊन शेवटच्या डावात टाकू शकला नाही, तेव्हा तिसरा-चौथा पक्का विकेट काढणारा हवा होता.

फॅक्टर ऑफ सेफ्टी हवाच, पण तो कुठे वाढवायचा हे ठरवायला हवं. ज्या खांबावर भार येणार तिथे वाढवा. बॅटिंगच्या आठव्या नंबरवर वाढवून बॉलिंगचा चौथा खांब पोकळ ठेवला तर स्लॅब खालीच येणार.

निकालावरून निर्णय तोलू नका

डिसेंबर २०२२, चट्टोग्राम. कुलदीपने ८ विकेट्स काढल्या, ४० धावाही केल्या, सामनावीर झाला. पुढच्या मिरपूर टेस्टमध्ये तो बाहेर, त्याच्या जागी पेसर जयदेव उनाडकट! भारत ती टेस्ट जिंकला. मग निवड बरोबर होती का? १४५ च्या पाठलागात आपण ७ बाद ७४ होतो. श्रेयस अय्यर आणि अश्विन यांनी नाबाद ७१ ची भागी केली म्हणून वाचलो. म्हणजे निकाल पास, पण उत्तरपत्रिका बघितली तर पायऱ्या चुकलेल्या. उलटही होतं, निवड बरोबर असूनही सामना जातो. म्हणून निवड तपासायची ती सकाळी नऊ वाजता हातात असलेल्या माहितीवर, पाचव्या दिवशीच्या संध्याकाळवर नाही.

पाच प्रश्न

सगळ्याचा अर्क म्हणून पाच प्रश्न देतो. पुढच्या टेस्टला वहीत लिहून बघा.

१. एकेक डाव साधारण किती ओव्हर्स चालेल? त्या ओव्हर्स कोणाकोणात वाटणार?

२. नवा बॉल, ४० ते ८० मधला जुना बॉल आणि दुसरा नवा बॉल, या तिन्हींसाठी विकेट काढणारा माणूस आहे का?

३. समोर डावखुरे किती, उजवे किती? त्यांना कोण नकोसा वाटतो?

४. दुसरा स्पिनर किंवा चौथा पेसर असं काय करतो, जे पहिला करत नाही? नुसती झेरॉक्स कॉपी असेल तर नको.

५. याला शून्य धावा करता आल्या असत्या, तरी मी याला गोलंदाज म्हणून घेतलं असतं का? निदान चार जणांबाबत उत्तर "हो" हवं.

पाचही उत्तरं लिहून झाली की स्पिनर किती आणि पेसर किती हे शेवटी मोजा. आधी आकडा ठरवून नावं भरू नका.

आणि एक सहावी गोष्ट, तिला मार्क नाहीत. बाहेर बसवलेल्या खेळाडूला समोर उभं राहून कारण सांगता आलं पाहिजे. अश्विन डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला, १०६ टेस्ट आणि ५३७ विकेट्स घेऊन. एवढ्या मोठ्या माणसालाही २०२१ च्या इंग्लंड मालिकेत त्या उन्हाळ्यात झालेल्या चारही टेस्ट बाहेर बसून बघाव्या लागल्या. त्यातल्या दोन भारत जिंकलाही, म्हणजे कारणं असू शकतात. पण ती "इंग्लंड आहे ना, म्हणून" यापेक्षा बरी असली पाहिजेत. आपल्या कॉलेज टीमच्या निवडीतही दरवर्षी कुणीतरी बारावा होतो, पांढरे कपडे इस्त्री करून येतो आणि दिवसभर पाण्याच्या बाटल्या नेतो. त्याला "पिच हिरवं होतं" एवढंच ऐकवलं तर पुढच्या वर्षी तो नेटवर कशाची प्रॅक्टिस करणार? "मधल्या ओव्हर्समध्ये टोक धरता येत नाही" असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो ग्राउंडवर हजर असेल.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)